तलवाड्याच्या अप्पांची रोमन तलवार

तलवाड्याच्या स्टँडवर एसटी थांबली की समोर तीन दुकानं दिसतात. डावीकडे खतांचं, उजवीकडे चहाचं आणि मधोमध 'वीरभद्र ड्रेपरी'. आत डोकावलं तर सगळा इतिहास आणि सगळं पुराण खुंट्यांना टांगलेलं. राजांचे अंगरखे, ऋषींच्या दाढ्या, हनुमानाच्या शेपट्या, रावणाची नऊ डोकी. दहावं ज्याचं त्यानं आणायचं. आणि या सगळ्या पसाऱ्यात एका लाकडी स्टुलावर, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढलेला, सत्तरीतला एक सडपातळ माणूस सुईत दोरा ओवत बसलेला. ते रेवणसिद्ध. पाळण्यातल्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. घरातलं शेंडेफळ असूनही लहानपणापासून ते अप्पाच.

आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांत कुठंही नाटक, भारूड, शाळेचं गॅदरिंग असो, पहिला फोन अप्पांना. पण त्यांच्या नावामागं आणखी एक गोष्ट चिकटली होती. अप्पा रस्त्यानं निघाले की पारावरून, पानटपरीवरून, एसटीच्या खिडकीतून हमखास एक आवाज यायचा.

"अप्पा, पातं सांभाळा!"

आणि हसू फुटायचं. अप्पाही हसायचे. हसण्याचा अभिनय त्यांना चांगला जमायचा.

त्याचं असं झालं होतं. अप्पा तेव्हा बावीस वर्षांचे, पहाडी आवाजाचे, उभं राहिलं की नजर ठरणार नाही असे. देवीच्या जत्रेत ऐतिहासिक नाटक होतं आणि त्यात अप्पांना सेनापतीची भूमिका मिळाली होती. तलवार गावातच घडवलेली, पत्र्याची, वर चंदेरी बेगड. पात्याचं शेपूट लाकडी मुठीत जेमतेम इंचभर गेलेलं आणि लाखेनं चिकटवलेलं. ती तलवार दिवसभर लोखंडी ट्रंकेत उन्हात पडली आणि लाख आतल्या आत पातळ झाली. हे कुणाच्या गावी नव्हतं.

तिसऱ्या अंकात अप्पांनी तलवार उपसली, उंच उगारली आणि आवाज चढवला, "राजे, ही तलवार माझ्या हातात आहे तोवर…"

पातं उडालं. चांगली कमान घेऊन गेलं आणि पहिल्या रांगेत, उमापूरच्या मालकांच्या फेट्यावर जाऊन पडलं. इजा काही झाली नाही, फेटा मात्र मांडीवर आला. क्षणभर सगळं चिडीचूप. मग मालकांचा बारा वर्षांचा पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडला, "अप्पा, पातं सांभाळा!" आणि सगळी जत्रा हसत सुटली.

हातात नुसती मूठ धरून अप्पा उभे होते. तोंडातून शब्द फुटेना. ते वळले आणि विंगेत निघून गेले, ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाणी शेंदताना त्यांना एक वाक्य सुचलं. त्या क्षणी म्हणायला हवं होतं ते नेमकं वाक्य! म्हटलं असतं तर हसणारी जत्रा टाळ्यांनी दणाणली असती. पण वाक्य एक सकाळ उशिरा आलं होतं. अप्पांनी ते कुणालाच सांगितलं नाही. पुढं लग्न झालं, नीलाबाई घरात आल्या, त्यांनाही नाही.

त्यानंतर अप्पा पडद्याच्या पुढं कधी आले नाहीत. पण रंगाचा, फुलांच्या हारांचा, घामाचा तो विंगेतला वास सुटेना. म्हणून त्यांनी ड्रेपरी काढली. मुठीची पकड खात्रीची असल्याशिवाय, तीनदा झटकून पाहिल्याशिवाय त्यांच्या दुकानातून तलवार बाहेर पडली नाही. दुसऱ्या कुठल्याही नटाचं पातं उडू नये एवढं एकच व्रत त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं पाळलं.

*

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेवराईच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे अंगद सर दुकानात आले. तरुण माणूस, नाटकाचं वेड असलेला. दरवर्षी पोरांना घेऊन स्पर्धेला जायचा आणि दरवर्षी हात हलवत परत यायचा.

"अप्पा, एक तलवार पाहिजे."

"कंची देऊ? मराठा, मोगल, रजपूत? दांडपट्टा पण हाय."

"रोमन."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "रोमन? हे कुठं आलं? नेकनूरच्या पुढं का?"

सर मनापासून हसले. "लई पुढं, अप्पा. समुद्राच्या पल्याड." आणि स्टूल ओढून त्यांनी नाटकच सांगायला घेतलं. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे दोन हजार वर्षांपूर्वी मोठं व्यापारी शहर होतं, तिथला माल थेट रोमपर्यंत जायचा, हे तर खरंच. सरांनी त्यावरून एक गोष्ट रचली होती. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याबरोबर आलेला रोमन शिपाई तेर-पैठणच्या वाटेवर तापानं आजारी पडतो, मागं राहतो. गावकरी त्याला वाचवतात. शेवटी तो आपली तलवार गावच्या लोहारापुढं ठेवतो आणि म्हणतो, हिचा नांगराचा फाळ कर.

"पोलाद अस्सल आहे हे दाखवायला तो ती ऐरणीवर तीनदा आडवी मारतो," सर म्हणाले. "तीनदा खणखणीत आवाज आला पाहिजे. सगळं नाटक त्या आवाजावर उभं आहे."

"म्हंजी पत्रा चालणार न्हाई."

"पत्रा नाही आणि भलतीच कुठलीतरी पण नाही. जशी खरी होती, तशीच पाहिजे. बनवणारे आहेत आपल्या देशात, पार उत्तरेकडं. परदेशातल्या संग्रहालयांना नकला करून पाठवतात. पण त्यातली नेमकी कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवायचं."

"मी?" अप्पांचा हात आपोआप छातीवरच्या शिवलिंगाकडं गेला. "सर, तुमाला माझी गोष्ट ठाव न्हाई का?"

"ठाऊक आहे. म्हणूनच आलोय. पात्याची काळजी तुमच्याएवढी दुसऱ्या कुणाला असणार?"

एवढ्या वर्षांत ती गोष्ट हसण्याशिवाय कुणी काढली नव्हती. अप्पांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि ते म्हणाले, "कागदं असतील तर ठिवून जा."

सरांनी झेरॉक्सचा गठ्ठाच ठेवला. जमिनीतून निघालेल्या तलवारींची चित्रं, मापं, त्यांचा काळ. अप्पांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण आकडे आणि आकार त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिंप्याची टेप घेऊन ते जमिनीवर खडूनं तलवारी काढू लागले. पातं जेमतेम दीड फूट, थोडं वर. मूठ धरून सगळी मिळून सव्वादोन फुटांच्या आतच.

"एवढीशी?" नीलाबाई वाकून म्हणाल्या. "हिच्यानं जग जिंकलं त्यांनी?"

"तेच तर कळंना. अन् अजून एक बघ. दगडावर कोरलेल्या चित्रात शिपायानं ती उजव्या कमरंला लटकवलीय. आपण जन्मभर डावीकडं लटकवली. उजव्या हातानं उजवीकडची तलवार कशी काढावी माणसानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी कमरेला सुतळीनं दोन फुटी लाकडी पट्टी बांधली, नेहमीच्या सवयीनं डावीकडं.

"अगं, मोठी परात दे."

"कावून?"

"ढाल पाहिजे."

"या वयात कुणासंगं लढाया निघालाव?" पण नीलाबाईंनी परात दिली आणि स्वतः हातात पळी घेऊन समोर उभ्या राहिल्या. जन्मभर ड्रेपरीवाल्याच्या घरात काढलेली बाई, नाटक तिच्याही अंगात मुरलेलं.

अप्पांनी डाव्या हातात परात धरली, उजवा हात डाव्या कमरेकडं नेला. परात आडवी आली. बाजूला सारली तर छाती उघडी पडली. तेवढ्यात नीलाबाईंनी पळी पुढं केली आणि बरगडीत टोचली.

"मेलाव तुमी."

"थांब, थांब, परत."

"परत मेलाव."

तिसऱ्या वेळी मेल्यावर अप्पा थबकले. त्यांनी सुतळी सोडली, पट्टी उजव्या कमरेला बांधली. परात छातीपुढून हलवलीच नाही. उजवा तळवा उलटा केला, मूठ पुढं दाबली, पट्टी वर ओढली आणि परातीच्या कडेवरून तिचं टोक नीलाबाईंच्या पोटाशी गेलं. नीलाबाईंची पळी अजून वरच होती.

"आगं बया! ही कवा काढली?"

अप्पा परातीमागून हसले. असे ते किती वर्षांत हसले नव्हते. "मोठी ढाल धरून खांद्याला खांदा लावून उभी राहायची ती माणसं. लांब तलवार उपसायला जागाच न्हाई! आखूड हाय, उजवीकडं हाय, तिची सारी अक्कल ह्याच्यात हाय."

*

महिनाभरात कॉलेजच्या वाचनालयात टेबलावर चार तलवारी मांडल्या गेल्या. पार्सलं यायच्या आधीच अप्पांनी कॉलेजचं पत्र घेऊन पोलीस ठाण्यात वर्दी दिली होती, की तलवारींना धार नाही आणि त्या नाटकासाठी आहेत.

दोन उत्तरेकडच्या कारागिरांनी पाठवलेल्या, न आवडल्यास परत करायच्या बोलीवर. एक पोरांनी ऑनलाइन मागवलेली, काळं पातं, मुठीत लाल खडे, खोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या माणसाचं चित्र. आणि चौथी संस्थेच्या अध्यक्षांची.

अध्यक्ष म्हणजे उमापूरचे अर्जुनराव. होय, तोच तो खुर्चीवर उभा राहिलेला बारा वर्षांचा पोरगा! आता साठीला आलेला, कडक इस्त्रीतला, तालुक्यात वजन असलेला पुढारी. मनानं वाईट नव्हता, पण सगळं मोठंच लागायचं. बॅनर मोठा, हार मोठा. पुढाऱ्यांच्या सत्काराला देतात तसली तलवार त्यांनी बीडहून आणली होती. सव्वातीन फूट लांब, वाघाच्या तोंडाची पितळी मूठ, आरशासारखं पातं, लाल मखमली म्यान.

ते सदऱ्याच्या बाह्या सारत आत आले आणि कारागिराची तलवार बघून थांबले. "हे काय? तलवार हाय का कलिंगड कापायचा सुरा? अंगद सर, आपल्या कॉलेजची काय इभ्रत हाय का न्हाई? शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला पाहिजे!"

"अध्यक्ष," अप्पा शांतपणे म्हणाले, "खरी अशीच होती."

"अन् हे तुमी सांगायचं? तलवारीबद्दल?" अर्जुनरावांनी सोबतच्यांकडं पाहिलं. व्हायचं तेच झालं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अप्पा, पातं सांभाळा!" आणि हसू पसरलं.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी नाटकातल्या शिपायाला जवळ बोलावलं. शिपाई म्हणजे ईश्वरी, दुसऱ्या वर्षाला शिकणारी, पाच फुटांची, पण डोळ्यांत वीज असलेली मुलगी. पोरांपैकी कुणालाही ती भूमिका पेलली नव्हती.

"बाळ, ही अध्यक्षांची तलवार घे. डाव्या हातात ती ढाल धर. आता उपस."

ईश्वरीनं ओढली. ढालीवर आपटली, अर्धी निघाली, अडकली. जोर लावून बाहेर काढली आणि उगारली तर वरच्या ट्यूबलाइटीवर ठण्! काचांचा सडा पडला. ग्रंथपाल जागेवरच ओरडले.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," अर्जुनराव म्हणाले, "स्टेजला छप्पर उंच असतंय."

अप्पांनी ती तलवार आपल्या हातात घेतली. मूठ सैल धरली, पात्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. एका अध्यक्षाचं काय, आख्ख्या मंत्रिमंडळाचं भान त्यांना त्या वेळी नव्हतं. मुठीच्या आत खुळखुळ होत होती.

"हिचं शेपूट आखूड हाय. मुठीत दोन बोटं गेलंय अन् एका नटबोल्टवर उभं हाय," ते म्हणाले. काळ्या पात्याचीही तीच गत. ती त्यांनी न बोलता खोक्यात ठेवून दिली.

राहिल्या दोन. एक मधे निमुळती होत जाऊन पुन्हा रुंदावणारी, लांब टोकाची, देखणी. दुसरी साधी, दोन्ही कडा सरळ, टोक आखूड. अंगद सरांचा जीव पहिलीवर जडला होता. अप्पांनी दोन्हींवर टकटक केलं. पात्यापासून मुठीच्या गोळ्यापर्यंत एकच सलग झंकार आला. शेपूट आरपार गेलेलं आणि टोकाला ठोकून पक्कं केलेलं.

मग त्यांनी डोळे मिटले. अप्पांचे वडील पुरवंत होते. लग्नातल्या गुगळाच्या मिरवणुकीत वीरभद्रापुढं तलवार घेऊन नाचायचे. लहानग्या रेवणसिद्धाच्या हातात तलवार देऊन ते म्हणायचे, वजन कुठं बसलंय ते डोळ्याला विचारू नगंस, मनगटाला विचार. अप्पांनी मनगटाला विचारलं. दोन्ही तलवारींनी चांगलं उत्तर दिलं. अस्सल दोन्ही होत्या.

"सर," त्यांनी डोळे उघडले, "तुमचा शिपाई एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ना? ही देखणी त्याच्या आजाच्या काळातली. तुमच्याच कागदात लिवलंय. त्याच्या वक्ताला ही सरळवाली आलती. शिवाजीराजाच्या मावळ्याला मी पेशवाई पगडी कधी देत न्हाई. मग रोमच्या शिपायावर कावून अन्याय करू?"

अंगद सरांनी कागद उलटले, बोट ठेवलं आणि मान हलवली. "बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं."

अप्पांनी सरळ तलवार ईश्वरीच्या उजव्या कमरेला बांधली, ढाल हातात दिली, तळवा उलटा कसा करायचा ते दाखवलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तलवार केव्हा म्यानात होती आणि केव्हा ढालीपुढं आली ते कुणालाच दिसलं नाही. पुढं उभा असलेला अर्जुनरावांचा कार्यकर्ता दोन पावलं मागं सरकला. मग अप्पांच्या सांगण्यावरून ईश्वरीनं जिममधून आणलेल्या वाळूच्या पोत्यावर टोक दाबून पंधरा-वीस वेळा जोर मारला. मुठीनं हूं की चूं केलं नाही.

अर्जुनरावांना राग आला होता, पण त्यांच्यातला बारा वर्षांचा पोरगा अजून जिवंत होता. "ठीक हाय. तुमच्या शब्दावर चालू द्या. पण अप्पा, बीडला भर नाट्यगृहात हिचं पातं उडालं तर?"

वाचनालयात कुणी हसलं नाही. सगळे अप्पांकडं बघत होते.

"तर मी आपल्या पायानं स्टेजवर यीन, ते पातं उचलीन," अप्पा म्हणाले, "अन् दुसऱ्या दिवशी दुकानाची पाटी खाली उतरवीन. आयुष्यभर ज्यानं तलवारी दिल्या त्याला एक तलवार निवडता येत नसंल तर त्यानं दुकान मांडूच नये." थोडं थांबून त्यांनी अध्यक्षांची तलवार म्यानात घातली आणि त्यांच्या हातात दिली. "अन् ही सत्काराला कुणाला दिली तर आडवी द्या, अध्यक्ष. वर उगारू नका."

"बघू की," अर्जुनराव म्हणाले.

*

बीडच्या नाट्यगृहात दुपारी स्पर्धेतला प्रयोग होता. तिसरी घंटा झाली, पडदा सरकला. अप्पा उजव्या विंगेत उभे, गळ्यातलं शिवलिंग मुठीत घट्ट. समोरच्या अंधारात त्यांना चेहरे दिसत नव्हते, पण पाचव्या रांगेत मधोमध अर्जुनराव बसलेत हे ठाऊक होतं. आणि नीलाबाई कुठल्याशा कोपऱ्यात, पिशवीत देवाचा अंगारा घेऊन.

पहिल्या प्रवेशाला कुजबुज झाली. एवढीशी पोरगी आणि एवढीशी तलवार. कुणी तरी "खेळणं आणलंय का रे?" म्हणालंही. अप्पांनी ते ऐकलं आणि गिळलं.

मग दुसऱ्या अंकात वाटेवर दोन दरोडेखोर शिपायाला घेरतात. अरुंद घळ, वर लटकलेल्या वेली, मागं खडक. दरोडेखोरांच्या हातात लांब तलवारी, अप्पांच्याच दुकानातल्या. एक वेलीत अडकली. दुसरी खडकावर आपटली. ईश्वरी ढालीमागं बसली होती, दिसत होते फक्त डोळे. आणि एकदम, ढाल न हलवता, कमरेजवळून प्रकाशाची एक रेघ निघाली आणि दरोडेखोराच्या छातीशी जाऊन थांबली. सगळं नाट्यगृह एकदम श्वास आत ओढून बसलं, आणि मग कडाड्! पहिली टाळी पडली.

अप्पांनी शिवलिंगावरची मूठ सोडली नाही. खरी परीक्षा पुढंच होती.

शेवटचा प्रवेश. लोहाराची भट्टी लाल. ऐरण खरी, तलवाड्याच्या लोहाराकडून टेम्पोत घालून आणलेली. शिपाई आपली तलवार दोन्ही हातांवर घेऊन उभा राहतो. ईश्वरी म्हणाली, "हिनं पुष्कळ घेतलं. आता हिला थोडं देऊ दे."

तिनं तलवार आडवी उचलली. अप्पांच्या डोळ्यांपुढं तापलेली ट्रंक आली, पातळ झालेली लाख आली, फेट्याकडं जाणारी ती चंदेरी कमान आली.

खण्ण!

पहिला ठोका. मूठ मुठीच्या जागी, पातं पात्याच्या.

खण्ण!

दुसरा. आवाज छताला जाऊन परत आला.

तिसऱ्या ठोक्याला ईश्वरीनं, वेड्या पोरीनं, तालमीपेक्षा दुप्पट जोर लावला. खण्णण्ण! देवळातली मोठी घंटा वाजून थांबावी आणि तिचा नाद मागं हिंडत राहावा तसा तो नाद खुर्च्याखुर्च्यांतून फिरला. लोहारानं पुढं येऊन तलवार घेतली. सबंध आणि अखंड. पडदा पडला तरी टाळी नाही, कारण लोक अजून तो नाद ऐकत होते. आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. लोक उभे राहिले.

विंगेत अप्पांनी शिवलिंगावरची मूठ सोडली. ते दुकानातून आणलेल्या रावणाच्या पेटाऱ्यावर बसले. ईश्वरी धावत आली आणि तलवार त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "अप्पा, पातं सांभाळलं!"

आणि या वेळी ते खरंखुरं हसले.

*

नाटक केंद्रात पहिलं आलं. परीक्षकांच्या शेऱ्यात एक ओळ खास होती: शिपायाची तलवार, ती बांधण्याची बाजू आणि उपसण्याची पद्धत अचूक. अंगद सरांनी तिची झेरॉक्स काढून ड्रेपरीच्या काचेवर चिकटवली.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मैदानात सत्कार ठेवला. सकाळची वेळ, मोठा मांडव, मोठा बॅनर, उमापूर-तलवाड्यापासून माणसं आलेली. पोरांचे सत्कार झाले, अंगद सरांचा झाला. मग अर्जुनरावांनी माईक घेतला.

"मी चुकलो होतो," ते म्हणाले. पुढाऱ्याच्या तोंडून मांडवात हे शब्द क्वचितच येतात, म्हणून लोक सरसावून बसले. "अप्पांनी कॉलेजची इभ्रत राखली. त्यांचा सत्कार मी माझ्या हातानं, तलवार देऊन करणार. या अप्पा, वर या!"

अप्पा स्टेजच्या पायऱ्या चढू लागले आणि तिसऱ्या पायरीवर थांबले. पाय उचलेना. पुढं लोक, वर उजेड. त्या जत्रेनंतर ही लक्ष्मणरेषा त्यांनी ओलांडली नव्हती.

"या की!"

"हितंच बरं हाय, अध्यक्ष."

"लाजत्यात बघा!" अर्जुनराव लोकांकडं वळले. फोटोवाले पुढं सरसावले. अर्जुनरावांनी लाल मखमली म्यान दूर केलं आणि सगळे पुढारी करतात तशी वाघाच्या तोंडाची ती तलवार झोकात उंच उगारली. "बोला, अप्पांच्या नावानं…"

ठाण्!

हातात वाघाचं तोंड राहिलं. सव्वातीन फुटांचं पातं स्टेजच्या फळ्यांवर आपटून, उड्या मारत, अप्पांच्या पायरीपाशी येऊन पडलं.

मांडव चिडीचूप. मग मागून, तलवाड्याच्याच कुणाचा तरी, खास ओळखीचा आवाज आला. "अध्यक्ष, पातं सांभाळा!"

हसू फुटू लागलं. अर्जुनराव हात वर धरून तसेच उभे होते. तोंड उघडं, शब्द नाही. साठ वर्षांचा तो भरभक्कम माणूस क्षणात बावीस वर्षांचा, एकटा, उघडा पडलेला दिसला. अप्पांनी तो चेहरा ओळखला. तो चेहरा त्यांनी आरशात पाहिला होता.

ते चौथी पायरी चढले, मग पाचवी. वाकून पातं उचललं. स्टेजच्या मधोमध जाऊन अर्जुनरावांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांचा मूठ धरलेला हात खाली येऊ लागला होता तो मनगटाला धरून आणखी उंच केला. माईककडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. छाती भरून श्वास घेतला आणि तो जुना पहाडी आवाज, इतकी वर्षं जपून ठेवलेला, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला.

"मंडळी, पातं गेलं? जाऊ द्या! पातं लोहार पुन्हा करून देईल! पण भर सभेत पातं गेलं तरी ज्यानं मूठ सोडली नाही, तो गडी अजून लढाईत आहे!"

एक क्षण. आणि मग टाळ्या अशा पडल्या की मांडवाच्या झालरी हलल्या. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. ईश्वरीनं शिट्टी मारली. नीलाबाई पदरानं डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "आमचे हाईत ते, आमचे!"

अप्पांनी मान लववली. घाई केली नाही. टाळी पूर्ण घेतली, कसलेल्या नटासारखी, शेवटच्या थेंबापर्यंत.

टाळ्यांच्या गदारोळात अर्जुनराव त्यांच्या कानाशी वाकले. हातातली मूठ अजून वरच होती. "अप्पा, लई उपकार केलं. पण हे वाक्य कुठलं हो?"

"जुन्या नाटकातलं हाय," अप्पा म्हणाले. "तेवढंच म्हणायचं राह्यलं होतं."